उसाच्या पेशीतले दफ्तर

आजचा धागा दीर्घ आहे आणि त्यात एकही किल्ला, तह वा मोडी पत्र येणार नाही. आजचे साधन म्हणजे कागलच्या शिवारात उभ्या असलेल्या उसाचे एक कांडे. ते इतिहासाचे अस्सल साधन आहे आणि आपण इतिहासप्रेमी मंडळींनी ते वाचायला शिकले पाहिजे, असे माझे मत आहे.

या मताला एक निमित्त घडले. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रबंधिकेसाठी मी आमच्या भागातील उसाच्या वाणांचा इतिहास हा विषय सुचवला होता. हा शेतकी महाविद्यालयाचा विषय आहे, तुम्ही सहकार चळवळ घ्या किंवा कारखान्यांचे राजकारण घ्या, असे उत्तर मिळाले. मी मुकाट्याने विषय बदलला. नकाराचे दुःख फारसे नाही. खटकले ते त्यामागचे गृहीतक. कारखाने, निवडणुका, दराची आंदोलने, तोडणी मजुरांचे स्थलांतर या सगळ्यांना इतिहास आहे. मात्र ज्या झाडाभोवती हे सारे फिरते ते झाड जणू अनादिकाळापासून जसेच्या तसे उभे आहे!

ते तसे नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली. त्या काळी दख्खनच्या गुऱ्हाळांत ज्याचा रस निघत असे तो ऊस आणि आज दूधगंगेच्या पाण्यावर वाढणारा ऊस यांच्यात वाणाचे नाव तेवढे बदललेले नाही. दोघांच्या पेशींमधील गुणसूत्रांचे गणितच वेगळे आहे. हे गणित कोणी, कुठे, कोणाच्या पैशाने बदलले, हा प्रश्न इतिहासाचा नाही तर कशाचा?

आधी ‘पेशी’ या शब्दाविषयी थोडेसे, कारण या शब्दावरून आपल्या वर्तुळात वारंवार गोंधळ होतो. सुश्रुतसंहितेत ‘पेशी’ हा शब्द आहे हे खरे. तेथे त्याचा अर्थ मांसाचा गोळा, म्हणजे आज ज्याला आपण स्नायू म्हणतो त्याच्या जवळचा आहे. गर्भाच्या दुसऱ्या महिन्यातील आकाराचे वर्णन करतानाही हा शब्द येतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी, स्वतःची भित्ती वा पटल असलेली, केंद्रक बाळगणारी पेशी ही कल्पना त्यात नाही. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कोठड्यांसारखी रचना पाहिली आणि तिला कोठडीचेच नाव दिले. पुढे मराठीने त्यासाठी जुना ‘पेशी’ शब्द नव्या अर्थाने घेतला. हिंदीने ‘कोशिका’ घेतला. शब्द जुना असला म्हणून कल्पनाही जुनी ठरत नाही. दस्तऐवजातील ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ शतकागणिक बदलतो हे आपल्याला चांगले ठाऊक असते. तोच नियम येथेही लावावा, इतकीच विनंती.

आता कांड्याकडे वळू.

लागणीच्या दिवसांत बेणे तोडताना आपण काय करतो? उसाच्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करतो आणि सरीत दाबतो. डोळा म्हणजे कोंब. त्याच्या टोकाशी विभाजी ऊतीचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक बिंदू असतो. तेथील पेशी लहान, पातळ भित्तीच्या आणि अखंड विभाजनशील असतात. ओल मिळताच त्यांचे काम सुरू होते. प्रत्येक पेशी आपली सर्व गुणसूत्रे दुप्पट करते, ती मधोमध रांगेत येतात, दोन्ही टोकांना समान ओढली जातात आणि मधे नवी भित्ती उभी राहते. याला सूत्री विभाजन म्हणतात. वॉल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन छापले. तयार झालेल्या पेशींतील काही टोकाशीच राहून विभागत राहतात, बाकीच्या मागे पडतात, लांबतात आणि आपापले काम पत्करतात. कोणी पाण्याची नळी होते, कोणी पानाची हिरवी पेशी, कोणी साखर साठवणारी मऊ पेशी. सर्वांतील गुणसूत्रे तीच असतात. कोणते जनुक बोलते आणि कोणते गप्प राहते यावरून काम ठरते.

साखर साठवणाऱ्या पेशीत जवळपास सारी जागा एकाच मोठ्या पिशवीने व्यापलेली असते. तिला रिक्तिका म्हणतात. नाव ‘रिक्त’ असले तरी आपल्या जिल्ह्याचे निम्मे अर्थकारण तिच्यात भरलेले आहे. गुऱ्हाळाचा चरक आणि कारखान्याची गिरणी यांचे काम एकच: पेशीभित्ती फोडून रिक्तिकेतला रस बाहेर काढणे. उरलेले चिपाड म्हणजे मुख्यतः रिकाम्या पेशींच्या भित्ती. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की शेतकरी का अस्वस्थ होतो हेही येथेच कळते. वजन घटते हे एक. शिवाय पेशीतील विकर साखरेचे तुकडे करू लागते आणि उतारा घसरतो.

पण इतिहासाच्या दृष्टीने खरी गोम टिपरीत आहे. टिपरीपासून उगवलेला ऊस हे उसाचे अपत्य नव्हे. तो तोच ऊस असतो. रुडॉल्फ फिर्खोने १८५५ मध्ये प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच येते हा सिद्धान्त मांडला. तो धागा मागे ओढत नेला तर आज कागलात उभ्या असलेल्या ‘८६०३२’ या वाणाचे प्रत्येक झाड कोइमतूर येथील एका रोपापाशी, आणि ते रोप एकाच फलित बीजांडापाशी जाऊन थांबते. संकर एकदाच झाला. त्यानंतर सारे विभाजनच विभाजन. बांधाच्या या बाजूचा तुमचा ऊस आणि पलीकडे भाऊबंदांचा ऊस यांत वाद असलाच तर तो बांधाचा. पेशींत वाद नाही.

मग नवा वाण येतो कोठून? तुऱ्यातून. शेतकऱ्याला तुरा नकोसा असतो, कारण तुरा आला की वाढ थांबते. पण त्या तुऱ्यातच परागकण आणि बीजांडे असतात, आणि ती तयार होताना विभाजन वेगळ्या रीतीने होते: गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. पित्याची निम्मी आणि मातेची निम्मी मिळून नवा जीव. उसाचे बी इतके बारीक असते की ते रुजतच नाही असा मळेवाल्यांचा दीर्घकाळ समज होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जावा आणि बार्बाडोस या दोन टोकांच्या बेटांवर ते रुजवून दाखवले गेले. गंमत पाहा, ‘क्रोमोसोम’ हा शब्दही १८८८ मध्येच घडला.

जावात ही निकड का भासली? तेथे डच मळ्यांतील ‘ब्लॅक चेरिबॉन’ या एकाच वाणावर साखरेचा डोलारा उभा होता आणि १८८० च्या दशकात त्याला ‘सेरेह’ नावाच्या रोगाने गाठले. ऊस खुजा राहू लागला. काही काळ डोंगराळ भागात निरोगी बेणे वाढवून खाली आणण्याचा उपाय झाला; तो खर्चीक होता. अशा वेळी डोंगरउतारावर ‘कासूर’ नावाचा एक बारीक, कमी गोडीचा, पण रोगाला न जुमानणारा ऊस सापडला. तो जाड उसाचा आणि रानटी काश गवताचा नैसर्गिक संकर होता. नदीच्या पात्रात पांढरे तुरे डोलवणारे हे काश आपणही पाहतो, कुळ तेच.

जावातील डच संशोधकांनी मग पद्धतच बसवली. गोड, जाड उसाचा काशाशी संकर करायचा आणि त्या संततीचा पुन्हा पुन्हा गोड उसाशी संकर करायचा, म्हणजे रोगप्रतिकार उरतो आणि रानटीपणा धुतला जातो. गोड उसाला ते ‘नोबल’ म्हणजे कुलीन म्हणत. म्हणून या क्रियेचे नाव कुलीनीकरण. वसाहतीच्या अधिकाऱ्यांची मनोभूमी समजून घ्यायची असेल तर या एका संज्ञेवर निबंध होईल. (येथून माणसांच्या जातींकडे उडी मारण्याचा मोह कृपया कोणी करू नये. ऊस आणि काश या दोन भिन्न जीवजाती आहेत. माणूस ही एकच.)

यातील सर्वांत चकित करणारी गोष्ट सूक्ष्मदर्शकाने दाखवली. कुलीन उसात ८० गुणसूत्रे. जावाच्या काशात ११२. नियमाप्रमाणे संकरित रोपात ४० अधिक ५६, म्हणजे ९६ असायला हवीत. कासूरमध्ये निघाली १३६. गेरिट ब्रेमर या डच पेशीशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात याचा उलगडा केला: मातेने आपली निम्मी गुणसूत्रे देण्याऐवजी सगळीच्या सगळी ८० दिली होती आणि पित्याकडून नियमाप्रमाणे ५६ आली होती. कुलीनीकरण इतक्या झपाट्याने साधत होते त्याचे एक कारण हे. पैदासकार आपल्या कौशल्याचे श्रेय घेत होते, आणि अर्धे काम पेशी नियम मोडून करत होती.

या परंपरेतून १९२१ मध्ये जावात झालेल्या एका संकरातून ‘पीओजे २८७८’ हा वाण निघाला आणि त्याने दशकभरात ते बेट व्यापले. इकडे १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. कोइमतूरच का? तेथे उसाला तुरा येतो आणि बी धरते. उत्तर भारतात तसे होत नाही. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तेथे कुलीन उसाचा स्थानिक काशाशी संकर घडवला आणि ‘को २०५’ हा वाण १९१८ मध्ये उत्तरेसाठी बाहेर पडला. ‘को’ म्हणजे कोइमतूर. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही ते नाव आहे.

याच केंद्रात १९३४ ते १९३९ या काळात जानकी अम्माळ यांनी काम केले. तलश्शेरीत १८९७ मध्ये जन्मलेल्या, मिशिगनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या पेशीशास्त्रज्ञ बाईंनी उसाचे, काशाचे आणि त्यांच्या दूरच्या नातलगांचे संकर करून गुणसूत्रे मोजली. उसाचा मक्याशी संकरही त्यांनी साधला. १९३९ मध्ये आनुवंशशास्त्राच्या परिषदेसाठी त्या एडिंबरोला गेल्या, महायुद्ध पेटले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ चा आहे. आपल्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यांचे नाव एका ओळीत संपते. त्या एका ओळीपेक्षा त्यांचा आपल्या गुळाशी संबंध बराच जवळचा आहे.

महाराष्ट्रात १९३२ मध्ये फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा आला आणि जावाच्या स्वस्त साखरेविरुद्ध भिंत उभी राहिली. येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. साखर जावाची नको होती, पण ऊस? पुढे दख्खनभर पसरलेला ‘को ४१९’ हा वाण ‘पीओजे २८७८’ आणि ‘को २९०’ यांच्या संकरातून आला. मातेकडून तो जावाचाच. सीमाशुल्काच्या नाक्यावर साखर अडली आणि गुणसूत्रे आत आली.

माझ्या आजोबांना वाणांची ही वंशावळ पाठ आहे. फक्त त्यांना ती वंशावळ आहे हे ठाऊक नाही. ‘पुंड्या वडिलांच्या वेळचा, मग चारशेएकोणीस, मग सातशेचाळीस, मग सहाशेएकाहत्तर,’ अशी ते कारकिर्दी सांगावी तशी यादी सांगतात. घरातील लग्ने आणि विहिरीचे खोदकामही ते वाणावरून लावतात: आत्याचे लग्न ‘सातशेचाळीस’च्या काळातले. ही कालगणना आपण हसून सोडून देतो. त्यांच्या या आकड्यांत खरोखरच साल दडलेले असते. ‘को ८६०३२’ मधील ८६ म्हणजे १९८६. ‘कोसी ६७१’ मधला ‘सी’ म्हणजे कडलूर आणि ६७ म्हणजे १९६७. ‘फुले २६५’ चे अधिकृत नाव ‘कोएम ०२६५’. ‘एम’ महाराष्ट्राचा, ०२ म्हणजे २००२. जुन्या वाणांचे मात्र नुसते अनुक्रमांक आहेत, म्हणून ४१९ आणि ७४० मध्ये साल शोधू नये. ‘८६०३२’ ची माता ‘को ६२१९८’ आणि पिता ‘कोसी ६७१’. त्या ‘६७१’ ची माता ‘क्यू ६३’, आणि ‘क्यू’ म्हणजे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड. कागलच्या फडातील एका कांड्यात क्वीन्सलँड, कडलूर आणि कोइमतूर शेजारी शेजारी नांदतात.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. समाजमाध्यमांवर सध्या दोन कथा जोरात चालतात. पहिली: आपला गावठी ऊस शुद्ध होता, हायब्रीडने तो बाटवला. दुसरी: शेतीतले सारे शहाणपण साहेबाने आणले, आधी येथे काही नव्हते. पेशी दोन्ही कथांना नकार देते.

पहिलीचे पाहू. ऊस भारतात प्राचीन आहे यात शंका नाही; अथर्ववेदात इक्षू आहे आणि जगातील अनेक भाषांनी साखरेचा शब्द आपल्या ‘शर्करे’वरून घेतला. पण ‘ऊस’ हा एक नव्हता. जाड, मऊ, रसाळ कुलीन उसाचे मूळ घर न्यू गिनी. उत्तर भारतातील जुने बारीक देशी ऊस वेगळे; आणि त्यांची गुणसूत्रे तपासली तर तेही कुलीन ऊस आणि काश यांच्या जुन्या संकरातून आलेले आढळतात. ज्याला आपण शुद्ध देशी म्हणतो तोच मुळात संकर आहे, आणि शास्त्रीय नामावलीत त्याला बार्बरसाहेबांचे नाव चिकटले आहे, हा काळाने केलेला विनोद समजावा.

दुसरी कथाही तितकीच पोकळ आहे. त्या संकरांतून काय टिकवायचे याची निवड शतकानुशतके कोणी केली? काशाची ती रानटी गुणसूत्रे ज्या मातीत तगून राहिली ती कोणाची होती? ज्या केंद्रात वेंकटरामन आणि जानकी अम्माळ राबल्या-खपल्या त्याला केवळ साहेबाचे केंद्र म्हणणे मला पटत नाही. पण त्या संशोधनामागे साखरेचा पैसा होता हे नाकारणेही तितकेच चूक. एक उदाहरण पुरे. पानातील पेशी हवेतील कार्बन कसा पकडतात याचा एक संपूर्ण वेगळा मार्ग उसाच्याच पानात सापडला: त्यात आधी तीन नव्हे, चार कार्बनांचे आम्ल तयार होते आणि शिरेभोवती कंकणासारख्या बसलेल्या पेशींत त्याचे पुढचे काम होते. १९६५ मध्ये हवाईतील मळेवाल्यांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेतून आणि १९६६ मध्ये ब्रिस्बेन येथील एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेतून हे प्रसिद्ध झाले. आज हा मार्ग प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. प्रयोगशाळेचे भाडे कोण भरत होते, हे एकातही नाही.

आजच्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. बहुतेक कुलीन उसाची, काही काशाची, आणि काही दोहोंचे तुकडे जुळून झालेली. जुन्या वाड्यात निरनिराळ्या पिढ्यांचे बांधकाम एकमेकांत मिसळावे तसे. हे वाचणे किती अवघड आहे पाहा: ‘आर ५७०’ या वाणाचा बहुगुणित जनुकसंच उलगडून प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडले, माणसाच्या जनुकसंचानंतर दोन दशकांहून अधिक काळ गेला.

यात केवळ कुतूहल नाही, म्हणून हा धागा लिहावासा वाटला. जावात एका वाणावर विसंबलेले मळे सेरेहपुढे कोलमडले. साखरेसाठी नावाजलेला ‘कोसी ६७१’ तामिळनाडूत लाल कूज रोगापुढे मागे पडला. शेजारी-शेजारी उभी असलेली लाखो झाडे जेव्हा पेशीने एकच असतात, तेव्हा एका झाडाचे कुलूप उघडणारी किल्ली सगळ्यांनाच लागते. आपल्या भागात ‘८६०३२’ गेली कित्येक वर्षे सर्वांत प्रबळ आहे. तो उत्तम वाण आहे; आमच्या घरचा कर्जाचा हप्ता त्यानेच फेडला आहे. पण ‘४१९’ आणि ‘७४०’ यांच्याविषयीही एके काळी लोक असेच बोलत. बेणे शुद्ध ठेवण्यासाठी कोंबाच्या अगदी टोकाची विभाजी ऊती काढून परीक्षानळीत वाढवतात. त्या टोकाशी बहुधा रोगाचा विषाणू पोचलेला नसतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी ऊतिसंवर्धित रोपे तयार होतात. उपाय चांगला आहे, पण त्याने बेणे निरोगी होते, वेगळे होत नाही.

जुने वाण संशोधन केंद्रांच्या संग्रहात कदाचित जिवंत असतील. त्यांच्याभोवतीची माहिती मात्र केवळ आजोबांच्या पिढीकडे आहे. कोणत्या वर्षी कोणता वाण गावात आला, बेणे कोणाकडून आणले, कोणत्या वाणाच्या गुळाला शाहूपुरीत भाव चांगला मिळे, तो का सोडला, कोणत्या रोगाला लोकांनी काय नाव दिले होते. माझी प्रबंधिका आता सहकारावर आहे आणि ती मी वेळेत सादर करीन. पण कागल, करवीर, हातकणंगले, शिरोळ, निपाणी या पट्ट्यातील मित्रांनी यंदाच्या तोडणीत फडावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारावे, ‘आबा, ह्याच्या आधी इथं कुठला ऊस होता?’ आणि उत्तर सालासह, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. मी पुंड्यापासून सुरुवात केली आहे. आजोबांच्या म्हणण्यानुसार तो आमच्या विहिरीच्या वरच्या तुकड्यात होता, आणि कोल्ह्यांना फार आवडत असे.